पेट्रोल कुठे मुरतंय

११ जानेवारी

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि बायकोने रोज लिहायला. चालण्यापेक्षा लिहिणं बरं, बसल्या जागी होतं. तिचं म्हणणं, "दिवसभर माझ्यापाशी कुरकुरता, त्यातली निम्मी कुरकुर तरी कागदावर करा." म्हणून ही वही.

कुठल्याही नोंदीत आधी यंत्राचं वर्णन लिहायचं असतं. तर, वय चौपन्न. धंदा लिफ्टची तपासणी. आयुष्यभर लोकांच्या इमारतींतले दोर, ब्रेक आणि दारं तपासून 'वापरण्यास योग्य' असा शिक्का मारत आलो. ऑक्टोबरात माझंच यंत्र दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं. छाती उघडली, नळ्या बदलल्या, पुन्हा शिवली. आता घरी. बायको पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवते, तिचं मशीन पुढच्या खोलीत चालू असतं. मी आतल्या खोलीत बंद असतो.

आज मागच्या शेडमध्ये काठी शोधायला गेलो आणि ताडपत्रीखाली गो-कार्ट सापडली. मुलगी शाळेत होती तेव्हा तिने आणि मी मिळून बनवलेली, मातीत पळवायची. पाइपांचा सांगाडा, चार जाडजूड चाकं, गवत कापायच्या मशीनचं इंजिन. मुलगी आता शिकायला दुसऱ्या शहरात. गाडीची चेन गंजलीय, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. काठी मिळालीच नाही.

१५ जानेवारी

हार्डवेअरच्या दुकानात कागद चिकटवलेला पाहिला. एप्रिलमध्ये जुन्या दगडखाणीत घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत आहे. वयाची अट नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, ती गाडी चढावर धापा टाकते."

"म्हणजे माझ्यासारखी," मी म्हटलं. ती हसली नाही. ऑपरेशननंतर माझ्या विनोदांवर घरात कुणी हसत नाही.

बायकोने ऐकून घेतलं. मग बोट वर करून म्हणाली, "अहो, गाडी सुधारा, रंगवा, तिची पूजा करा. पण बसायचं नाही. हादरे बसले तर छातीचं हाड सांधणार नाही, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय."

मान्य केलं. चालक म्हणून तिच्या भावाला विचारलं. त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि गिऱ्हाइकांपेक्षा वेळ जास्त आहे. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही फक्त गाडी बनवा. कप आणायची जबाबदारी माझी."

२४ जानेवारी

इंजिन मिळालं! बांधकामाचं सामान भाड्याने देणाऱ्याकडे सिमेंट कालवायच्या यंत्राचं इंजिन पडून होतं, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. दोरी ओढून सुरू होतं. घरी आणून सांगाड्यावर ठेवलं तर चारांतलं एकही भोक जुळेना. वेल्डरला बोलावलं. त्याने खाली लोखंडी पट्टी जोडून नवी बैठक करून दिली.

मला जड उचलायची बंदी. त्यामुळे मी खुर्चीवर बसून हुकूम सोडतो आणि बायको पाना फिरवते. चहा द्यायला म्हणून येते आणि घुटमळते. आज विचारलं, "एवढं जोराचं इंजिन झालं, मग चेन तुटणार नाही का?" प्रश्न बरोबर होता. चेन आणि मागचं दातेरी चाक दोन्ही बदलायचं ठरवलं. हे माझ्या डोक्यात होतंच.

१ फेब्रुवारी

ब्रेक. जुना ब्रेक म्हणजे एक पट्टा होता, तो चाकाच्या आसाला विनंती करायचा की थांब बाबा. तो काढला. भंगारातल्या मोटारसायकलची डिस्क आणि तेलावर चालणारा ब्रेक बसवला. लिफ्ट असो की गाडी, वर नेणं कुणालाही जमतं. थांबवता येणं हीच खरी विद्या.

बायकोला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. उजवा पाय रेसचा, डावा ब्रेकचा. गिअर नाही, रेस दिली की क्लच आपोआप पकडतो. "म्हणजे दोन्ही पाय एकदम दाबायचे नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुला काय करायचंय?" तर म्हणाली, "माझ्या भावाला सांगायला नको का?"

भावाच्या काळजीत ती अर्धी झालीय.

६ फेब्रुवारी

आज थोडी वादावादी. तिने सीट शिवून दिली. शिवण पाहत राहावी अशी, सोफ्याचं जाड कापड, आत दाट फोम. पण अरुंद! मेहुण्याचा एक पायसुद्धा त्यात नीट मावणार नाही. शिवाय बुडाखाली वीतभर जास्तीचा फोम. मी म्हटलं, "माप कुणाचं घेतलंस?"

"अंदाजाने घेतलं."

तीस वर्षं मापं घेणारी बाई अंदाजाने सीट शिवते. आणि हा फोम कशाला, तर म्हणे, "त्याशिवाय पुढचं दिसत नाही." मेहुणा माझ्याहून उंच आहे. त्याला न दिसायला काय झालं? पण तिने एवढी मेहनत घेतलीय, म्हणून तशीच बसवली.

१३ फेब्रुवारी

हसू आवरून नोंद करतोय.

घरामागे मोठं मोकळं मैदान आहे. तिथे कधीतरी घरं होणार म्हणतात, सध्या नुसती लाल माती आणि खड्डे. तिथे पहिली चाचणी. मेहुणा सीटमध्ये शिरला, म्हणजे बाटलीत बूच शिरतं तसा. डोक्याला हेल्मेट, गळ्यात मफलर, बाजूला त्याच्याच स्टुडिओचा पोऱ्या फोटो काढायला. त्याने रेस दिली आणि गाडी सुसाट सुटली. सुटली ती सुटलीच. रेसची वायर अडकली होती. मेहुणा "दाजीऽऽ" असा टाहो फोडत वाळूच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत घुसला आणि इंजिन बंद पडलं.

लागलं काहीच नाही. पण सीटमधून त्याला बाहेर काढायला आम्हाला बराच वेळ लागला. उभा राहिल्याबरोबर त्याने चालकपदाचा राजीनामा दिला. "ताई, कपाचं तू बघ बाई," म्हणाला आणि निघून गेला.

मला वाटलं, बायको आता सगळं बंद करायला लावेल. ती वाळूत गुडघ्यांवर बसून वायर बघत होती. "इथे वळणावर घासते. आणि हाताशी बंद करायचं बटण का नाही? लिफ्टमध्ये लाल बटण असतंच ना?"

संध्याकाळी स्टिअरिंगवर लाल बटण बसवलं. आता चालक कुठून आणायचा?

२० फेब्रुवारी

संध्याकाळचं फिरणं डॉक्टरांनी वाढवलंय. रस्त्याने पाण्याच्या मोठ्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मला कंटाळा येतो, पण बायको घड्याळ बघून मला घराबाहेर काढते. "आज पुलावरून वळसा घालून या," असंही सांगते. माझ्या तब्येतीविषयी इतकी जागरूक बाई दुसरी सापडायची नाही.

एक गूढ आहे. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल कमी होतंय. मी टाकी भरून ठेवतो, गाडी शेडमध्ये उभी असते, आणि पेट्रोल उतरतं.

२१ फेब्रुवारी

टाकी सोडवून पाण्यात बुडवली. बुडबुडे नाहीत. नळी तपासली, कार्बोरेटर तपासला, खाली पांढरा कागद पसरून ठेवला. एकही थेंब नाही.

पाणी कुठे मुरतंय ते कळतं, पेट्रोल कुठे मुरतंय ते कळत नाही. बायकोला म्हटलं, तर तिने मशीनवरची मान वर केली नाही. "उडत असेल," म्हणाली. "पेट्रोल उडतं ना?"

एवढं नाही उडत.

२५ फेब्रुवारी

पलीकडच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर आज फाटकापाशी भेटले. म्हणाले, "वळणं छान घेते हो आता गाडी. आधी बिचकायची." मी म्हटलं, गाडी तर पंधरवडा शेडमध्ये आहे. त्यांनी आधी शेडकडे पाहिलं, मग म्हणाले, "असेल, असेल. माझं वय झालं."

खरंच झालंय. वाईट वाटलं.

शिवाय ब्रेकच्या पेडलला निळा दोरा गुंडाळलेला सापडला आणि सीट पुढे सरकलेली. मांजर असणार. शेडच्या दाराला कडी लावायला हवी.

५ मार्च

हे लिहू की नको, असं झालं होतं. लिहितो.

काल बायको पडदे द्यायला गावात गेली होती. मी शेडमध्ये गेलो. नवे शॉकअप बसवून झाले होते, वरचा लोखंडी कमानीसारखा पाइप वेल्डरने जोडून दिला होता, सगळं तयार, आणि चालवायला कुणी नाही. मनात आलं, एकच चक्कर. हळू. कुणाला कळणार?

सीट पुढे होती, गुडघे हनुवटीला लागत होते. पाच वेळा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं. मैदानात आलो आणि रेस दिली. किती महिन्यांत माझ्या अंगाला वारा असा लागला नव्हता! मी चक्क ओरडलो. आणि मग खड्डा आला.

छातीच्या मधोमध कळ आली. बटण दाबलं, कसाबसा बाहेर आलो आणि जमिनीवर आडवा झालो. घाम फुटला. वर आकाश होतं, एक घार फिरत होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं की बायको घरी येईल आणि मी घरात नसेन. थोड्या वेळाने कळ ओसरली. गाडी तिथेच सोडून पाय ओढत घरी आलो आणि पलंगावर पडलो.

ती आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला मैदानात उभी गाडी दिसली. माझ्या खोलीच्या दारात आली, मला बघितलं, माझ्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टरांना फोन केला. मग बाहेर गेली.

मी खिडकीतून बघत होतो. ती गाडीपाशी गेली. पदर खोचला. दोरी ओढली. एकाच झटक्यात इंजिन सुरू! सीटवर बसली, पट्टा लावला, आणि गाडी अशी वळवून आणली, की मैदानाच्या कडेला असलेल्या गटाराजवळून मीसुद्धा आणू शकलो नसतो. शेडच्या दारात बरोबर मध्ये थांबवली.

मांजर वगैरे काही नव्हतं.

६ मार्च

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, स्नायू ताणला गेलाय. आणखीही बरंच म्हणाले, ते लिहीत नाही.

घरी आल्यावर ती समोर बसली. मी आधीच हात जोडले.

"तुम्ही बसणार नाही," ती म्हणाली. "मी बसते. शर्यतीतही मीच बसणार."

"कधीपासून?"

"वाळूतून गाडी काढली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज तुम्ही फिरायला गेलात की."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती मोजपट्टीसारखी ताठ बसली होती, मग जरा सैल झाली. "तुम्ही आजारी पडल्यापासून या घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नाही. मशीनसुद्धा मी हळू चालवते. दिवसभर हळू, हळू, हळू. तिकडे मैदानात मी ओरडते. पोटातून ओरडते. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही."

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलतेय. मी विचारलं, "म्हणजे सायलेन्सर बदलायला हवा का?"

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या विनोदाला एवढं कुणी हसलं नव्हतं, आणि हा तर विनोदही नव्हता.

सायलेन्सर आहे तोच ठेवायचं ठरलं.

१९ मार्च

ती चालवते आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसतो. ती खरंच चांगली चालवते. वळणाआधी रेस सोडते, वळणात थोडी देते, बाहेर पडताना पूर्ण. कुणी शिकवलं? म्हणाली, "गोल उशीला झालर लावताना असंच करावं लागतं. वळणाच्या आधी हात हलका करायचा."

पण जितकी चांगली चालवते तितका माझा जीव खाली-वर होतो. खाणीतला रस्ता या मैदानासारखा नाही. उतार आहे, दगड आहेत, बाकीचे आठ वेडे आहेत.

आज दुपारी ती शिवत होती तेव्हा रेसच्या पेडलखाली एक स्क्रू बसवला. पेडल अर्ध्यावरच अडेल एवढा. सुरक्षेसाठी. सांगितलं नाही.

२० मार्च

एकच फेरी मारून ती थांबली. "अहो, गाडीचा दम कुणी काढला?"

मी म्हटलं, हवा दमट आहे. तिने वाकून पेडलखाली बोट घातलं आणि स्क्रूवर टेकवलं. पुढचं बोलणं आहे तसं लिहितो.

"ऑपरेशनच्या दिवशी मला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. आत तुमची छाती उघडी. मला भीती वाटली नसेल?"

"वाटली असेल."

"मी आत येऊन कुणाचा स्क्रू आवळला का?"

मी पाना घेतला, खाली बसलो, स्क्रू काढला. बसताना उठताना छातीत काही झालं नाही. तिने हात दिला तो उठवण्यासाठी दिला की स्क्रू घेण्यासाठी, कोण जाणे. स्क्रू घेतला आणि लांब फेकून दिला.

त्याऐवजी मी माझं काम केलं. पट्ट्यांचे बोल्ट मोठे बसवले, वरच्या कमानीचा प्रत्येक जोड हातोडीने वाजवून बघितला, एक जोड बद्द वाजला तो वेल्डरकडून पुन्हा करून घेतला. ती म्हणाली, "हे चालेल."

३० मार्च

ऑफिसमधून साहेबांचा फोन. पुढच्या महिन्यात या, पण इमारतींच्या छतावर चढणं बंद, टेबलावर बसून नव्या पोरांचे अहवाल तपासायचे. हाच फोन जानेवारीत आला असता तर मी भिंतीकडे तोंड करून झोपलो असतो. आज म्हटलं, "येतो. पण शर्यत झाल्यावर." साहेबांना वाटलं, चुकीचा नंबर लागला.

११ एप्रिल

झाली शर्यत. सगळं लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

मुलगी सकाळच्या गाडीने आली. मेहुणा कॅमेरा घेऊन आला. पोस्टमास्तर स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले आणि मला म्हणाले, "माझं वय झालं म्हणून मी गप्प बसलो होतो हं."

खाणीत धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं, त्यामुळे वरून चिखल आणि खालून दगड. एकूण नऊ गाड्या. बाकीचे चालक तरणे. एकाने बायकोला बघून म्हटलं, "काकू, प्रेक्षकांची जागा तिकडे आहे." ती म्हणाली, "हो, माझे प्रेक्षक तिकडेच बसलेत." आणि हेल्मेट घातलं.

मी पट्टे आवळले. काही तरी बोलावं असं वाटत होतं, पण तोंडातून निघालं, "ब्रेकचं तेल भरलंय." तिने मान हलवली.

झेंडा पडला. पहिल्या वळणावर ती शेवटची. मुलगी माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. दुसऱ्या फेरीत एकाला मागे टाकलं, चढावर आणखी एकाला. चढावर! ती गाडी धापा टाकत नव्हती, गुरगुरत होती. चौथ्या फेरीत उतारावर पुढची पिवळी गाडी दगडावर चढली आणि तिच्या वाटेत आडवी झाली. मी डोळे मिटायला हवे होते. मिटले नाहीत. तिने आधी ब्रेक दाबला, मागची चाकं घसरली, गाडी गोल फिरतेय असं वाटतंय तोच ब्रेक सोडला, रेस दिली, आणि पिवळ्या गाडीच्या नाकासमोरून वीतभर अंतराने निघून गेली. पिवळ्या गाडीतला पोरगा उठून उभा राहिला आणि तिच्या मागे टाळ्या वाजवायला लागला.

त्याच वेळी मला ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजातून ती ओरडत होती. घाबरून नाही. पोटातून. मुलगी म्हणाली, "बाबा, आई ओरडतेय का?" मी म्हटलं, "हो. तिला ओरडू दे." आणि मीही ओरडलो. मग मुलगी ओरडली. पोस्टमास्तर उठून उभे राहिले.

चौथी आली. कप तिघांनाच होते. शेवटचा झेंडा पडला, एकेक गाडी कडेला येऊन थांबली. ती थांबली नाही. आमच्यासमोरून चिखल उडवत गेली आणि पुढच्या फेरीला लागली. पंच शिट्ट्या मारत, हात हलवत मागे धावले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "शर्यत संपलेली ताईला कळलं नाही वाटतं."

मी म्हटलं, "कळलंय."

१३ एप्रिल

ती आज उशिरापर्यंत झोपली. चहा मी केला. मुलगी परत गेली.

गाडी धुतली. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय म्हणून खाली सरपटत शिरलो, पुढच्या चाकाचा दांडा वाकलेला दिसला. तेवढ्यात शेजारी दोन पाय आले. माझी जुनी कामाची पँट घातली होती तिने, खाली दुमडून.

"सरका जरा," म्हणाली, आणि पाना घेऊन आत शिरली.